खाली सही तुझीच होती

शालन,

आज सकाळी नाना येऊन गेला. आपल्या पक्षाचा शहरातला नाना. उद्या तुझं तेरावं, संध्याकाळी शोकसभा, आणि सभेत वाटायच्या पुस्तिकेत माझाही लेख पाहिजे. तो लेख घेऊनच आला होता. लिहिलेला, टाइप केलेला, वर माझं नाव. म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कशाला तरास? पोरांनी झ्याक लिहिलंय. खाली फक्त सही करा." माझा पेन खिशातून निघालासुद्धा होता.

मी कसा वाचतो ते तुला ठाऊक आहे. चौथी शिकलेला माणूस, अक्षराखाली बोट धरून वाचणारा. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये दोन बोटांची पेरं गेल्यापासून तिसऱ्या बोटानं. नाना घड्याळाकडं बघत होता. पहिल्या पानावर तू थोर होतीस, वात्सल्यमूर्ती होतीस. दुसऱ्या पानावर एक ओळ आली: 'विधानसभेच्या वेळी पक्षाच्या आदेशाचा मान राखून शालनताईंनी आपला अर्ज हसतमुखाने मागे घेतला.' बोट तिथंच थांबलं.

"काय झालं? काना-मात्रा चुकली काय?"

"ठेव तो कागद. माझं मी लिहितो."

"तुम्ही?" नाना हसला.

"व्हय, मी. चौथीपर्यंत लिहायलाच शिकवत्यात."

म्हणून लिहितोय. वही स्वातीची आहे, आपल्या सुनेची. छापतील तर छापतील. पण आधी एक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उद्याच्या सभेत नाना जाहीर करणार आहे की येत्या महापालिकेला तुझ्या जागी स्वाती उभी राहणार. तसा शब्द मी दिलाय. दहाव्याला, घाटावर, चार लोकांत. आणि स्वातीला मी विचारलेलं नाही.

ऐकलंस ना? तू असतीस तर हातातलं काम ठेवून माझ्याकडं बघितलं असतंस. तसं बघायला आता घरात कुणी नाही, म्हणून सकाळपासून चार वेळा उठलो, चार वेळा बसलो.

त्या लेखात लिहिलंय, तू 'समाजसेवेच्या तळमळीने' राजकारणात आलीस. तुला हसू येईल. चिठ्ठी निघाली, आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि त्याच दुपारी देवळापुढं आम्ही सात-आठ बाप्यांनी ठरवलं. मी घरी आलो तेव्हा तू गोठ्यात शेण भरत होतीस. मी म्हणालो, "उद्या फोटो काढायला जायचंय. चांगलं पातळ नेस."

"कशाचा फोटो?"

"तू नगरसेविका होणार हायेस."

तू शेणाचे हात तसेच वर धरून विचारलंस, "आणि म्हशी?"

ही तुझी तळमळ. अख्ख्या चिखलीत मी ही गोष्ट सांगून लोकांना हसवायचो. तू कधी नको म्हणाली नाहीस. पण एकदा, पुष्कळ वर्षांनी, पाहुण्यांपुढं मी ती परत सांगायला लागलो तर तू म्हणालीस, "म्हशींचं विचारलं, कारण दुसरं काही विचारायची सोय तुम्ही ठेवली नव्हती." पाहुणे चहा प्यायला लागले.

पहिली पाच वर्षं नगरसेवक मीच होतो. फ्लेक्सवर तुझ्या शेजारी माझा फोटो, तुझ्याहून वीतभर मोठा. फोन वाजला आणि कुणी विचारलं, "ताई आहेत का?" तर मी म्हणायचो, "बोला, मीच ताई." महापालिकेच्या सभेत तू खाली बसायचीस, मी वर प्रेक्षकांत. हात कधी वर करायचा ते मी वरून खुणेनं सांगायचो. एकदा मला शिंक आली, हात नाकाशी गेला आणि तू भलत्याच ठरावाला हात वर केलास. घरी येईपर्यंत मी तुला बोल लावत होतो. शिंक माझी होती, शालन.

आणि ती लेटरहेडं. दर रविवारी शेंगा सोलून झाल्या की तू पदराला हात पुसायचीस आणि गठ्ठ्यावर सह्या करायचीस. वर कोरं, खाली सही. गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, नळाचं कनेक्शन, ज्याला जे पत्र लागेल ते मी वरच्या जागेत कुणाकडून तरी लिहून घ्यायचो. सगळ्याच वॉर्डांत तसं चालायचं. सही बाईची, मजकूर बाप्याचा. तुझी सही मोठी देखणी, दहावीपर्यंत शिकलेल्या हाताची. मी लोकांना ती दाखवायचो. एकदा तू म्हणालीस, "मी काय लिवलंय ते मला एकदा वाचून तरी दाखवा." मी म्हणालो, "तू लिवलंयस व्हय?" आणि आपण दोघंही हसलो. तुझं हसू खरं होतं की नव्हतं, ते आता कुणाला विचारू?

तू कधी बदललीस ते मला नेमकं सांगता येत नाही. दुसऱ्यांदा निवडून आलीस तेव्हा खुणा करायला मला वर बसावं लागत नव्हतं. पुढं पक्षानं तुला प्रदेशाच्या महिला कार्यकारिणीवर घेतलं. तू मुंबईला जायला लागलीस, मग एकदा दिल्लीला, देशाच्या अधिवेशनाला. तिथून आलीस, पिशवी ठेवलीस आणि पाय न धुताच बोलायला लागलीस. मी विचारलं, "भाकरी मिळाली का तिकडं?"

"भाकरीचं सोडा. मला गेटावर ताट घेऊन उभं केलं, ओवाळायला. दीड तास. दिल्लीचे मोठे साहेब आलेच न्हाईत. निरांजनातलं तेल संपलं."

"मग?"

"मग ताट खुर्चीवर ठेवलं आणि आत जाऊन बसले. बायकांचा ठराव चालला होता. मी हात वर केला."

"तू? हिंदीत?"

"आपल्या हिंदीत. म्हणलं, आप लोग हर बार बोलता है, औरतां लाव, गाडी भरके लाव. औरतां को पूछो, ये कब बोलेगा?"

"मग काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या विषयाला गेले."

तू हसत हसत सांगितलंस. मीही हसलो. पण मनात आलं, माझी बायको माझी खूण नसताना हात वर करते, तेही दिल्लीत. मला अभिमान वाटायला पाहिजे होता. वाटलाही, गावात सांगताना. घरात वाटला नाही.

मग तू आमदारकीचं तिकीट मागितलंस. मुलाखतीला गेलीस तेव्हा मला गाडीत बसवून ठेवलंस. तिकीट वरून ठरलं आणि दुसऱ्याला गेलं. तू म्हणालीस, "अपक्ष भरते." अर्ज भरायच्या दिवशी वकिलानं तुझ्या पंधरा-वीस सह्या घेतल्या. तू चष्मा लावून एकेक कागद वाचत होतीस. मी म्हणालो, "अगं, उशीर होतोय. कर सह्या, मी बघितलंय सगळं."

तू माझ्याकडं बघितलंस. मग चष्मा काढलास आणि भराभर सह्या केल्यास.

त्यात माघारीचा अर्ज होता. आणि माझ्या नावानं तो दाखल करायचं अधिकारपत्र. वकील म्हणाला होता, असू द्या, वेळेला उपयोगी पडतं. तुझ्या अर्जावर दहा सूचक होते, पहिलं नाव माझं. सूचक म्हणजे ज्यानं तुझं नाव पुढं केलं तो.

माघारीच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या इथल्या साहेबांच्या बंगल्यावरून मला बोलावणं आलं. तुला नाही, मला. तिथून मी थेट निवडणूक कचेरीत गेलो. तीनच्या आत पोचायचं होतं. खुर्चीवर एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "उमेदवार स्वतः का नाही आल्या?"

"प्रचारात हायेत."

"प्रचारात आहेत आणि अर्ज मागे घेताय?"

मी कागद आणखी पुढं सरकवला.

"सही त्यांचीच आहे ना?"

"त्यांचीच."

"एकदा मागे घेतला की परत घेता येत नाही, काका."

"ठाऊक हाय."

सही तुझीच होती, शालन. मी एवढी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. खोटं काही केलं नाही. सही तिचीच होती.

त्या वेळी तू एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांपुढं टँकरच्या पाण्याचं बोलत होतीस. स्वाती तुझ्याबरोबर होती. नवीन लग्न होऊन आलेली, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला कामाला जायची, त्या दिवशी तुझ्यासाठी रजा टाकली होती. पुढचं तिनं आपल्या पोराला, दीपकला सांगितलं आणि दीपकनं मला. मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. ती बाई उठून म्हणाली, "ताई, यादीत तुमचं नावच नाही म्हणतात." तू थांबलीस. पाणी प्यायलीस. मग म्हणालीस, "मी आता निवडणुकीला उभी नाही, असं दिसतंय. पण टँकरचं बोलायला उभी राहिले होते, ते पुरं करते." आणि पुरं केलंस. शेवटपर्यंत.

घरी आलीस तेव्हा मी ओरडा ऐकायची तयारी करून बसलो होतो. उत्तरं पाठ होती. तू काही विचारलं नाहीस. माझा ड्रॉवर उघडलास, सह्या केलेल्या लेटरहेडांचा गठ्ठा काढलास आणि मागच्या दारी बंबाशेजारी नेऊन ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी तुझ्या सह्यांवर तापलं. मी अंघोळ केली. काय करणार होतो?

मला वाटलं तू पक्ष सोडशील. चार दिवसांनी तू पक्षाच्या बैठकीला निघालीस. मी म्हणालो, "लाज न्हाई वाटत त्यांच्या दारात जायला?" चपला घालता घालता तू म्हणालीस, "पक्ष काय तुमच्या साहेबाच्या एकट्याचा हाय? चटया मी उचलल्यात तिथं. मी का सोडू?" या एका गोष्टीवर आपण पुढं किती भांडलो. मी म्हणायचो, मान नाही तिथं जाऊ नये. तू म्हणायचीस, "तुम्हाला मान पाहिजे. मला जागा पाहिजे." ते भांडण तसंच राहिलं. आज मी थोडा तुझ्या बाजूला सरकलोय, पण सगळा नाही. अजून मला वाटतं तू त्यांच्या तोंडावर थुंकून यायला पाहिजे होतंस. आणि लगेच वाटतं, त्यांच्या आधी माझ्या.

मग तू ते वर्ग सुरू केलेस. पंचायतीला, महापालिकेला उभ्या राहणाऱ्या बायकांचे. कधी महाळुंग्यात कुणाच्या ओसरीवर, कधी पुनावळ्यात कुणाच्या पार्किंगमध्ये. तुला गाडीनं न्यायचो मी. दुसरं कोण नेणार? बाहेर बसून सगळं ऐकायचो. पहिला धडा ठरलेला. "कोरा कागद असला तर सही न्हाई. वाचल्याबिगर सही न्हाई. वकील म्हणाला तरी न्हाई, नवरा म्हणाला तरी न्हाई." बायका हसायच्या. महाळुंग्यात एक तरणी बाई होती, सरपंचपदाला उभी राहणारी. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला कुणी फसवलं होतं का?"

मी बाहेर पायरीवर. तुझ्या चपलेशेजारी. ऊन डोक्यावर आलं होतं, पण मी हललो नाही.

तू म्हणालीस, "मीच वाचलं न्हाई."

येताना गाडीत तू मला मोशीची भाजी कुठं स्वस्त मिळते ते सांगत होतीस. माझं नाव तू घेतलं नाहीस. त्या दिवशी नाही, कधीच नाही. एवढ्या बायकांना शिकवलंस, एकीलाही कळलं नाही की फसवणारा बाहेर पायरीवर बसलाय आणि तिच्याच घरचा चहा पितोय. याला उपकार म्हणू की शिक्षा, मला कळत नाही. दोन्ही म्हणून ठेवतो.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एकदा विचारलंस. नळी काढली होती, आवाज बारीक झाला होता. "त्या दिवशी साहेब काय बोलले हो तुम्हाला?"

मी म्हणालो, "कुठल्या दिवशी?"

तू डोळे मिटून घेतलेस. मला ठाऊक होतं कुठल्या दिवशी. तुलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "पाणी पी दोन घोट." आणि तू प्यायलीस.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर बसलेला, चांगला जाडजूड, पण तोंड नदीकडं करून. दीपक पुढं झाला, "आई, ओव्हरटाइम कमी करतो, घराकडं बघतो." नाही. तुझा भाऊ म्हणाला, "अक्का, अण्णांना मी अंतर देणार न्हाई." नाही. मग नाना चप्पल काढून पुढं आला आणि सभेत बोलतो तशा आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमच्या जागी स्वातीला तिकीट! पक्षाचा शब्द हाय!" मागं कुणीतरी खुसखुसलं. कावळ्यानं पंख खाजवला. नाना माझ्या कानाशी आला. "अण्णा, तुम्ही बोला. तुमचा शब्द वहिनींनी कधी मोडला न्हाई."

मला काय बोलायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, शालन. दवाखान्यात राहिलेलं उत्तर. पण चार लोकांत जीभ रेटेना. जे नेहमी रेटतं तेच रेटलं. मी मोठ्यानं म्हणालो, "दिला शब्द. स्वाती उभी राहील."

कावळा उडाला आणि नदीपलीकडं गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आपापल्या गाड्यांकडं निघाले. स्वाती बायकांत उभी होती, हातात तांब्या घेऊन. तिनं मान वर केली नाही.

आता उत्तर सांगतो. साहेब फार काही बोलले नाहीत. त्यांनी मला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, "अण्णा, त्या घरात शब्द तुमचा चालतो, हे आम्हाला माहीत आहे. वहिनींना कशाला मध्ये घ्यायचं?" आणि निघताना दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवला. एवढंच. लोक म्हणतात अण्णानं काहीतरी घेतलं असणार. घेतलं असतं तर निदान सांगायला कारण झालं असतं. मी खांद्यावरच्या हाताला तुझी निवडणूक दिली.

आणि एक. तू हरशील अशी मला भीती नव्हती. गल्ल्यागल्ल्यांतून तुझ्यामागं बायका चालत होत्या ते मी बघितलं होतं. तू निवडून येशील अशी भीती होती. मग फोन आला की मी काय म्हणणार होतो? आमदार मीच, असं म्हणता येत नाही.

हे लिहून झालं आणि मी स्वातीला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन आली. मी वही तिच्यापुढं केली. तिनं उभ्याउभ्याच वाचली. म्हणाली, "मला माहीत आहे अण्णा. त्या दिवशी मी हॉलमध्ये होते."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

खरं आहे. मग विचारलं. एवढ्या वर्षांत घरातल्या बाईला असा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. "तुला उभं राहायचंय का?"

ती बोटांची कणीक काढत राहिली. "हे दहाव्याच्या आधी विचारायला हवं होतं."

"व्हय."

"मला विचार करू द्या. उद्यापर्यंत नाही जमणार."

मी तिच्यासमोरच नानाला फोन लावला. म्हणालो, "नाना, घाटावर दिलेला शब्द मी मागं घेतो."

"अण्णा, चेष्टा करता काय राव? फ्लेक्स छापून आलेत!"

"गोठ्याच्या पत्र्यावर टाक. गळतोय तो."

"साहेबांना काय सांगू? तुम्ही शब्दाचा माणूस..."

"सांग, तो शब्द अण्णाचा नव्हताच. ज्याचा हाय त्याला विचारा. तिचा नंबर देतो, लिहून घे."

फोन ठेवला. आजवर मी दिलेला शब्द मागं घेतलेला नाही, गावाला विचार. तुझा अर्ज मात्र मागं घेतला होता.

नाना जाताना उमेदवारीच्या कागदांचा गठ्ठा ठेवून गेला होता. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. तो मी स्वातीला दिला. म्हणालो, "राहिलीस उभी, तर सूचक म्हणून माझं नाव घालशील?"

"ते पण बघते," म्हणाली. 'नाही' म्हणाली नाही आणि 'हो'ही म्हणाली नाही.

ती आतल्या खोलीत दार लोटून बसलीय. मी बाहेर, तुझ्या पाटावर. मधूनमधून पान उलटल्याचा आवाज येतो, मग पुष्कळ वेळ काहीच येत नाही. दीपकनं दोनदा येऊन विचारलं, जेवायचं कधी. मी त्याला गप्प बसवलं.

वाचू दे तिला. आज मला कसलाही उशीर होत नाही.